वचन कार्डावर छापू का?

भावा, तू विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही धागा लागेल. तू ख्रिस्ती, कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा, लग्नाच्या फोटोग्राफीत 2 सीझन काढलेस. व्हिजिटिंग कार्डावर आणि गाडीच्या काचेवर बायबलचं वचन छापावं का? हिंदू लग्नातल्या देवकाचे, होमाचे, सप्तपदीचे फोटो विश्वासात राहून काढता येतात का? गरिबाचं लग्न फुकट करावं का? आणि रविवारच्या मुहूर्ताचं काय?

मी या धंद्यात 26 वर्षं आहे. 36 फोटोंच्या रोलवर सुरुवात केली. वायल्डर मेमोरियल चर्चच्या बाकांवर लहानाचा मोठा झालो. जे सांगतो ते चुका करत शिकलेलं आहे. आमच्याच मंडळीतले काही वडीलधारे यातल्या निम्म्या गोष्टींना मान हलवणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

वचनाचं आधी. मी छापलं होतं. स्तोत्र 23चं पहिलं वचन, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', सोनेरी अक्षरांत, खाली मेंढराचं चित्र. उद्यमनगरात मशीनशॉप असलेल्या एका माणसाच्या मुलीचं लग्न केलं आणि अल्बम द्यायला मला 7 महिने लागले. तो दुकानात आला, खिशातून माझंच कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे मेंढराचं वाचलं. आमच्या अल्बमचा मेंढपाळ कुठं गेलाय?" दुकानात 4 गिऱ्हाइकं बसलेली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

ती कार्डं संपली तशी नवी छापली. त्यात वचन नाही. त्या जागी 'निवड मिळाल्यापासून 60 दिवसांत अल्बम' एवढी ओळ आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं सांगितलंय की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. आपल्या धंद्यात त्याचा अर्थ तारीख. अल्बम लटकतो कुठं ते तुलाही माहीत असेल. गिऱ्हाईक फोटो निवडून देत नाही, आपण विचारत नाही, तेवढ्यात पुढचा सीझन येतो आणि डिझायनर दुसऱ्याचं काम हातात घेतो. म्हणून लग्नानंतर 10 दिवसांत कच्चे फोटो निवडीला द्यायचे, महिन्यानं स्वतः फोन करायचा आणि लॅबची तारीख लिहून ठेवायची. दोन मेमरी कार्डांच्या स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीकडे एकदमच लिहू दे. घरी पोचल्यावर कितीही रात्र होवो, दोन हार्डडिस्कवर उतरवूनच झोपायचं. त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवायची. एखाद्याचं लग्न हरवलं तर वचनाचं स्टिकर त्याला काय दिलासा देणार? गाडीवर लावायचं तर लाव, माझी ना नाही. फक्त त्या गाडीनं कावळा नाक्यावर सिग्नल तोडू नकोस.

आता विधींचं. कोल्हापुरात फक्त ख्रिस्ती लग्नं करीन म्हणशील तर उपाशी राहशील. माझ्याकडं मराठा, लिंगायत, जैन, बौद्ध, मुस्लिम सगळ्यांची लग्नं येतात. मला याचं उत्तर बायबलातल्या 2 राजे या पुस्तकात, अध्याय 5 मध्ये मिळालं. नामान अरामाचा सेनापती. कोडातून बरा झाल्यावर तो एकाच देवाला मानू लागला, पण त्याची नोकरी राजाबरोबरची. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं. तेवढी मला क्षमा असावी. अलीशा त्याला भाषण देत नाही. शांतीनं जा म्हणतो. मी गेली कित्येक वर्षं त्या एका वाक्यावर मंडपात उभा आहे.

पण शांतीनं जायचं तर नीट जायचं. देवघरात पायताण काढून जा. देवक कधी बसवतात, अंतरपाट केव्हा धरतात, कोणत्या मंगलाष्टकेनंतर तो खाली येतो, हे पाठ असलं पाहिजे. अक्षता पडतात तो क्षण चुकला म्हणून गुरुजींना "पुन्हा एकदा" म्हणणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. ज्याला स्वतःच्या प्रार्थनेची किंमत कळते त्यानं दुसऱ्याची प्रार्थना फोटोसाठी थांबवू नये. होमापुढं पाठ करून उभा राहू नकोस. प्रसाद दिला तर दोन्ही हातांनी घे. मी तो माझ्या हाताखालच्या पोरांना देतो, कुणी वाईट मानलेलं नाही. आणि दुसऱ्याच्या मंडपात पत्रकं वाटायची नाहीत. त्या माणसानं तुला घरात घेतलंय ते फोटोंसाठी, पैसे देऊन.

खंडेनवमीला अडचण येते. माझ्याकडची 3 पोरं हिंदू आहेत. हत्यारांच्या पूजेला कॅमेरा ठेवायचा, हा त्यांचा हट्ट नाही, रीत आहे. त्यात हे गाव बाबूराव पेंटरांचं. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढला, आणि खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. इथं कॅमेऱ्याला हात जोडणाऱ्याला अडाणी म्हणणारा मी कोण? पोरं आपापले कॅमेरे घरी नेऊन पूजतात, दसऱ्याला मी बोनस देतो आणि माझ्या कॅमेऱ्याची मी सेन्सरपर्यंत सफाई करतो. आमच्या चर्चचे पाळक याबद्दल माझ्याशी अजून वाद घालतात. घालोत.

तू विचारलं नाहीस, पण माझ्या मते विश्वासाचा खरा कस इथं लागतो: फ्रेममध्ये कोण येतं आणि कोण राहून जातं.

काना गावच्या लग्नाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शंभरदा ऐकलेली. द्राक्षारस संपला, 6 दगडी रांजणांत पाणी भरलं, येशूनं त्याचा द्राक्षारस केला. योहान आपल्या शुभवर्तमानात एक बारीक गोष्ट नोंदवतो. द्राक्षारस कुठून आला ते भोजनकारभाऱ्याला कळलं नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. नवरदेवाला तर त्या कारभाऱ्यानं उगाच शाबासकी दिली. एका घराची लाज राखली गेली आणि पंगतीला पत्ता लागला नाही. आपण लग्नात त्या चाकरांच्या रांगेत असतो. घराचं उणं आपल्याला आधी दिसतं. कोण रुसलंय, कुणाला बोलावलेलं नाही, उसने दागिने कुणाच्या अंगावर आहेत, बाप मागच्या दारात कुणाच्या पाया पडतोय, सगळं लेन्समधून दिसतं. ते बघून काय करायचं ते सांगतो.

शिरोळ तालुक्यातलं एक लग्न. हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सगळ्या राज्यात गाजला आणि त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी तसं करावं म्हटलं, त्यानंतरचं हे. गाव दुसरं, पण फार लांबचं नाही. हळदीचे फोटो चालले होते. नवरीची आई दिसेना. शोधलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात, हातात परात धरून, एक पाय आत एक बाहेर. नवरा जाऊन 4 वर्षं झालेली. हळद लावायला चुलत्या, आत्या, शेजारणी. जिनं पोरीला जन्म दिला ती दारात.

मी काही समाजसुधारक नाही आणि परक्या घरात भांडण लावायला मला कुणी पैसे देत नाही. मी नवरीच्या कानात एवढंच विचारलं, "ताई, तुमचा आणि आईचा हळदीचा एक फोटो काढायचा का? माझ्या यादीत आहे." ती उठली, ओल्या हळदीच्या हातांनी गेली आणि आईच्या गालाला हात लावला. आईनंही लावली. कुणी काही बोललं नाही. एक म्हातारी तोंड फिरवून गेली, तेवढंच. अल्बमचं पहिलं पान तेच झालं, घरच्यांनीच निवडलं.

'माझ्या यादीत आहे' हे शब्द लक्षात ठेव. घरातल्या माणसाला जे बोलता येत नाही ते फोटोग्राफरच्या यादीला बोलता येतं. म्हणून लग्नाआधी एकदा घरी जाऊन बसायचं आणि पैशाच्या बोलण्याआधी विचारायचं: घरातलं अलीकडं कोण गेलंय? कुणाला चालायला त्रास आहे? कुणाशी बोलणं बंद आहे? नवरीला कोण जवळचं आहे? माहेरी परत आलेली बहीण, अपंग भाऊ, शेतावरचा जुना गडी, सगळी नावं यादीत घ्यायची. आजीला स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत तर नवरानवरीलाच खाली तिच्या खुर्चीपाशी आणायचं, 2 मिनिटं लागतात. बँडवाल्यांचा, वाढप्यांचा एक धड फोटो काढून त्यांच्या मोबाइलवर पाठव. त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

दुसरं रंगाचं. "पोरगी जरा गोरी करून द्या" हे तूही ऐकलं असशील. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, हे बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये ते प्रतिरूप दुरुस्त करत बसतो. माझा नियम असा: आठवड्यात जाणारं असेल ते काढतो, मुरुम, जागरणाचे डोळे, जन्माचं आहे ते ठेवतो. मात्र नियम सांगून भागत नाही, काम दाखवावं लागतं. सावळा चेहरा फोटोत राखेसारखा दिसतो त्याला बऱ्याचदा रंग नाही, आपला प्रकाश कारणीभूत असतो. मंडपातले जांभळे एलईडी, समोरून सरळ मारलेला फ्लॅश, आणि पांढऱ्या साडीला किंवा गाऊनला बघून कॅमेऱ्यानं कमी केलेलं एक्स्पोजर. मीटर चेहऱ्यावर घे, पांढरं थोडं उडालं तर उडू दे, खिडकीचा बाजूचा उजेड शोध. हळदीत पिवळं अंगावरून उसळून हनुवटीखाली साचतं, तेवढं रंगात सुधार. असे 2 फोटो नवरीला समोरासमोर ठेवून दाखवले की बहुतेक वेळा ती स्वतःच म्हणते, राहू दे. एक ऑर्डर यात गेलीही. आणि एकदा नवरीच रडायला लागली, सासरी बोलतील म्हणून. तेव्हा मी करून दिलं. माझा नियम तिच्या सासरी नांदायला जाणार नव्हता.

काही ठिकाणी मात्र सरळ नाही म्हणायचं. मुलगी 18ची नाही किंवा मुलगा 21चा नाही, असं वाटलं तर वय विचार, आणि गोलमोल उत्तर आलं तर सुपारी घेऊ नकोस. 2006च्या कायद्यानं बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. पण कायद्याच्या भीतीनं नुसतं अंग काढून घेतलंस तर लग्न दुसरा फोटोग्राफर करील आणि पोरगी जाईलच. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन कर. मी एकदा फक्त नकार देऊन घरी बसलो होतो. ते लग्न झालं. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही, म्हणून सांगतो.

मोडलेल्या सोयरिकीचंही असंच. प्री-वेडिंगचे फोटो पन्हाळ्यावर काढून झालेले, मग लग्न मोडतं, आणि मुलाकडचं कुणीतरी येतं: "आमचे पैसे गेलेत, फोटो तरी द्या." एक फोटोही द्यायचा नाही. त्या पोरीचं पुढं लग्न व्हायचं असतं. मी दोन्हीकडचं एकेक वडीलधारं माणूस बसवतो, त्यांच्यासमोर फाइली पुसतो, झालेला खर्च कापून आगाऊ रक्कम ज्यानं दिली त्याला परत करतो. चांगल्या लग्नातले फोटोसुद्धा नवरीला विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकत नाही, तिच्या भावाला विचारून नाही.

रविवारचं थोडक्यात. सुट्टी म्हणून लोक रविवार धरतात, त्याला इलाज नाही. मी सकाळची उपासना चुकवायची नाही असं ठरवून 3 वर्षांत 5 वेळा मोडलं, तेव्हा बायकोनं कॅलेंडर हातात घेतलं. आता महिन्यातून एकच रविवार कामाला, तोही दुपारनंतरचा. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) कुणाला देत नाही. नाताळचा आठवडा चर्चमधल्या लग्नांना राखलेला असतो. आपल्याच लग्नांत एक ध्यानात ठेव: 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं साधारण नियम सकाळी 6 ते संध्याकाळी 7चा आहे. वऱ्हाडाची गाडी सांगलीहून उशिरा आली की फोटोसाठी वेळ मागायला पाळकांकडं जाऊ नकोस, त्यांच्या हातात तो नसतो. शपथा चालू असताना फ्लॅश बंद, शटर सायलेंटवर. रजिस्टरवर सह्या करताना साक्षीदारांचे चेहरे घे, नुसते हात नकोत.

पोरांची मजुरी. बायबलातल्या लेवीय 19:13 मध्ये आहे की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सीझन संपल्यावर हिशोब करायचे, आणि हिशोबात दर वेळी काहीतरी कापलं जायचं. मी लग्नाच्या रात्रीच देतो, गिऱ्हाइकानं मला दिलेले असोत वा नसोत. त्यासाठी 2 लग्नांचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. कॅमेऱ्याची नवी बॉडी त्यामुळं वर्षभर उशिरा आली. करारात एक ओळ घाल: टीम दुसऱ्या पंगतीला जेवेल. नाहीतर सगळं उरकल्यावर पोरांपुढं गार भात येतो. रात्री 12 नंतर गगनबावड्याकडून गाडी चालवत यायचं नाही, तिथंच झोपायचं.

राहिला फुकटाचा प्रश्न. फुकट करू नकोस, असं माझं मत झालंय. पहिली काही वर्षं मी केलं. फुकट म्हटलं की आपण जुना कॅमेरा काढतो, नवशिक्या पोराला पाठवतो, अल्बम मागं पडतो. आणि घेणारा मान खाली घालून घेतो. एका माणसानं तर गरिबी सांगून फुकट नेलं आणि लग्नाला गेलो तर ड्रोनवाला वेगळा बोलावलेला! हसावं की रडावं. आता मी सीझनला 2 लग्नं लागेल तेवढ्या खर्चात करतो: अल्बमची छपाई, पोरांची मजुरी, पेट्रोल. माझी मजुरी शून्य. रक्कम ठरवून घेतो, पावती देतो, आणि मीच जातो, सगळ्यात चांगली लेन्स घेऊन. कुणाचं लग्न तसं केलं ते पोरांनाही सांगत नाही, डाव्या हाताला कळू नये म्हणतात ते हेच. रील तर अजिबात नाही.

आणि जे कर्ज काढून मोठं पॅकेज घ्यायला येतात त्यांना खाली आण. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, हे म्हणणाऱ्यांनी बापाची अवस्था पाहिलेली होती. सोसायटीचं कर्ज काढून ड्रोन आणि एलईडी वॉल सांगणाऱ्या बापाला मी म्हणतो, "मामा, ड्रोनमध्ये मांडवाचं छत दिसतं, पोरीचं तोंड दिसत नाही." आपलं नुकसान होतं, खरंय.

त्या पहिल्या वर्षांनंतर फुकट एकदाच केलं, 2019च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर चिखली-आंबेवाडीकडून लोक भिजलेले अल्बम पिशवीतून घेऊन यायला लागले. जी लग्नं माझ्या हार्डडिस्कवर होती ती पुन्हा छापून दिली. जुनी होती त्यांचे फोटो वाचवता आले तेवढे वाचवले, आणि पैसे घ्यायला हात झाला नाही. ती रीत तुलाही माहीत असू दे, कारण पाणी परत येतं, 2021ला आलंच. लॅबमध्ये धुतलेले जुने फोटो एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढून काढायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवायचे, हळूहळू आपोआप सुटतात. सुटले की हळूच पाण्यातून काढून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे, उन्हात वळतात. एकदम खूप आले आणि हात पुरेना तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, पुढं सवडीनं काढता येतात. इंकजेटवर छापलेले मात्र पाण्यात घालू नकोस, शाई सुटते. आणि काचेला चिकटलेला फोटो आणला तर फ्रेम उघडायच्या आधी काचेवरूनच कॅमेऱ्यात एक प्रत काढून ठेव.